आधी कोंबडी की आधी अंडं? विद्यापीठाचं सॉफ्टवेअर आपल्या कॉम्प्युटरवर पोचलं त्याची गोष्ट

परदेशातल्या विद्यापीठात दाखल झालात की पहिल्या आठवड्यात एक ईमेल येते: विद्यापीठाचं सॉफ्टवेअर तुमच्या लॅपटॉपवर घालायचं असेल तर अमुक पानावर जा. पानावर जायला विद्यापीठाचं खातं लागतं. खातं चालू करायला फोनवर एक ॲप लागतं. ॲप जोडण्यासाठीचा कोड मेसेजने येतो, तो तुम्ही अर्जात दिलेल्या नंबरवर, म्हणजे पुण्याच्या किंवा नागपूरच्या नंबरवर. ते सिमकार्ड तुम्ही विमानतळावरच काढून पाकिटात ठेवलेलं असतं. काही अडलं तर मदतीसाठी तिकीट काढा, असं खाली लिहिलेलं असतं. तिकीट काढायचं तर आधी खात्यात शिरावं लागतं.

आधी कोंबडी की आधी अंडं, हा प्रश्न आपण लहानपणी गंमत म्हणून विचारायचो. विद्यापीठांच्या संगणक विभागांसाठी तो गेली पंचेचाळीस वर्षं रोजच्या कामाचा प्रश्न आहे. सॉफ्टवेअर चालवणं बहुतेकांना जमतं. अडतं ते पहिल्या पायरीवर, कारण सॉफ्टवेअर मिळवण्यासाठी जे लागतं ते सॉफ्टवेअर मिळाल्यावरच हाती येणार असतं. ही पहिली पायरी बांधताना विद्यापीठ तुमच्याबद्दल काय काय गृहीत धरतं, यावरून ते कोणाला आपलं समजतं हे कळतं. या लेखात तीन-चार प्रसंगांतून तेवढंच पाहायचं आहे.

सुरुवात न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया विद्यापीठापासून करू. साल १९८१. विद्यार्थी तेव्हा मोठ्या सामायिक कॉम्प्युटरवर काम करायचे, टर्मिनलसमोर बसून. कोलंबियाकडे डेक कंपनीची डेकसिस्टिम-२० यंत्रं होती आणि आयबीएमची मोठी यंत्रंही होती. डिस्क फार महाग. प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला थोडी जागा यायची, ती भरली की काहीतरी पुसावं लागे. त्याच सुमारास छोटे कॉम्प्युटर आले आणि त्यांच्याबरोबर फ्लॉपी आली. फ्लॉपी स्वस्त होती, आणि मुख्य म्हणजे विद्यार्थ्याच्या मालकीची होती. आपलं काम फ्लॉपीवर उतरवून घरी न्यावं, लागेल तेव्हा परत चढवावं, अशी कल्पना निघाली. पण मोठ्या कॉम्प्युटरवरची फाइल छोट्या कॉम्प्युटरवर न्यायची कशी?

दोघांमधली तार टर्मिनलसाठी टाकलेली होती. माणसाने टाइप केलेली अक्षरं न्यावीत, एवढंच तिचं काम. काही यंत्रं आठवा बिट स्वतःच्या तपासणीसाठी वापरायची, त्यामुळे फाइलसाठी सातच बिट उरायचे. काही अदृश्य नियंत्रण-अक्षरं वाटेतल्या यंत्रांना आज्ञा वाटायची आणि ती फाइलमधून गायब व्हायची. भरभर पाठवलं तर समोरचं यंत्र दमायचं. फोनच्या लाइनवर खरखर आली की अक्षरं बदलायची.

फ्रँक द क्रूझ आणि बिल कॅचिंग्ज या दोघांनी यावर जो तोडगा काढला त्याचं नाव कर्मिट. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मपेट्समधला कर्मिट बेडूक होता, त्यावरून हे नाव पडलं. तोडग्याचं मूळ एका निराशावादी गृहीतकात आहे: तार वाईटच असणार. म्हणून फाइलचे शंभराहून कमी अक्षरांचे तुकडे करायचे. प्रत्येक तुकडा पाकिटात घालायचा, पाकिटावर त्याची लांबी आणि अनुक्रमांक लिहायचा, शेवटी बेरजेची खूण टाकायची. समोरच्याने बेरीज जुळवून पाहायची. जुळली तर 'वाय', नाही जुळली तर 'एन' असं उत्तर द्यायचं. 'एन' आलं की तेच पाकीट पुन्हा. नियंत्रण-अक्षर पाठवायचं असेल तर त्याला साध्या छापील अक्षराचं रूप द्यायचं आणि आधी '#' लावायचं. आठवा बिट जाणार असेल तर तो काढून घेऊन आधी '&' लावायचं. ही रीत हळू होती, आणि कर्मिट मंद आहे अशी तक्रार पुढे अनेक वर्षं होत राहिली. पुढच्या आवृत्त्यांत मोठी पाकिटं आली, उत्तराची वाट न पाहता पुढची पाकिटं पाठवायची सोयही आली. पण मूळची संथ रीत कायम ठेवली, कारण ती जवळपास कुठेही चालायची.

आता खरी अडचण. तुमच्या घरच्या नव्या पीसीवर कर्मिट नाही. विद्यापीठाच्या कॉम्प्युटरवर आहे. फाइल आणायला कर्मिट लागतं, आणि आणायची फाइल म्हणजेच कर्मिट. तुमच्या जातीची फ्लॉपी कुणाकडे असली तर प्रश्न मिटला. पण तेव्हा प्रत्येक कंपनीच्या फ्लॉपीची मांडणी वेगळी असायची.

कोलंबियाच्या लोकांनी त्यासाठी एक छोटा बेसिक प्रोग्राम छापून दिला. छापून म्हणजे खरंच कागदावर. तो तुम्ही स्वतःच्या हाताने पीसीवर टाइप करायचा. बेसिक भाषा आयबीएम पीसीबरोबर येतच असे, म्हणून एवढं गृहीत धरायला हरकत नव्हती. दुसऱ्या बाजूला मोठ्या कॉम्प्युटरवर कर्मिटची एक खास रूपातली फाइल ठेवलेली असायची. तिच्या नावाचं शेपूट 'बू' असं होतं, बूटस्ट्रॅप या शब्दातलं. मूळ प्रोग्रामच्या दर तीन बाइट्सची चार छापील अक्षरं करून ती बनवलेली असे, म्हणजे साध्या तारेवरूनही ती शाबूत यावी. तुमचा हाताने टाइप केलेला प्रोग्राम ती अक्षरं घेऊन परत मूळ रूपात आणायचा. झालं, कर्मिट तुमच्या पीसीवर आलं. इथून पुढे ते स्वतःची नवी आवृत्तीही स्वतःच आणू शकायचं.

या पहिल्या पायरीला काय काय लागायचं ते मोजून पाहा: कागद, कीबोर्ड, आणि थोडा धीर. बाकी काही नाही.

कोलंबियाने कर्मिटचा प्रोग्राम आणि त्यामागची रीत दोन्ही इतरांना देऊन टाकली. १९८४ च्या जून आणि जुलैच्या 'बाइट' मासिकात तिच्यावर लेख आले. मग जिथे जे यंत्र होतं तिथल्या माणसांनी त्यासाठी कर्मिट लिहिलं आणि कोलंबियाला परत पाठवलं. कोलंबिया ते चुंबकीय टेपवर भरून मागेल त्याला पाठवी. पीसीवरच्या एमएस-डॉस कर्मिटचा सांभाळ वर्षानुवर्षं युटा स्टेट विद्यापीठातले जो डूपनिक करत होते. एका विद्यापीठाने आपल्या विद्यार्थ्यांची अडचण सोडवायला काढलेलं सॉफ्टवेअर असं शेकडो प्रकारच्या यंत्रांवर जाऊन बसलं. कुठलं यंत्र घ्यावं हे कर्मिटने कुणाला सांगितलं नाही. जे असेल ते आणा, असंच त्याचं म्हणणं.

त्याच काळात इतर विद्यापीठांनी याच प्रश्नाला वेगळी उत्तरं दिली. फिलाडेल्फियातल्या ड्रेक्सेल विद्यापीठाने १९८३ मध्ये ठरवलं की प्रत्येक नव्या विद्यार्थ्याच्या हाताशी स्वतःचा कॉम्प्युटर असलाच पाहिजे, आणि १९८४ च्या मार्चमध्ये तिथे विद्यार्थ्यांच्या हातात मॅकिंटॉश पडू लागले. डार्टमथनेही आपल्या विद्यार्थ्यांना मॅकिंटॉशच घ्यायला सुचवलं. सगळ्यांकडे एकच यंत्र असलं की एकच पुस्तिका पुरते, एकाला सुटलेली अडचण सगळ्यांना सुटते. संगणक विभागाच्या दृष्टीने हे उत्तमच. पण इथे एक भिंत उभी राहिली. भिंतीच्या आतल्या यंत्राला 'सपोर्ट' आहे, बाहेरच्याला नाही. ज्याने शेजाऱ्याकडून जुना, दुसऱ्या कंपनीचा कॉम्प्युटर स्वस्तात घेतला, तो पुस्तिका वाचून काय करणार?

तिसरं उत्तर एमआयटीचं. डेक आणि आयबीएमच्या मदतीने १९८३ मध्ये तिथे प्रोजेक्ट अथीना सुरू झाला आणि १९९१ पर्यंत चालला. त्यांचा विचार असा की विद्यार्थ्याने काही इन्स्टॉल करायचंच कशाला? संस्थेत जागोजागी कॉम्प्युटर ठेवू. तुम्ही कुठल्याही कॉम्प्युटरसमोर बसा, नाव सांगा, तुमच्या फाइली आणि तुमचं सगळं सॉफ्टवेअर तिथे येईल. मग 'नाव सांगणारा तोच आहे कशावरून' हा प्रश्न आला, आणि त्यातून कर्बेरॉस ही ओळख पटवण्याची यंत्रणा जन्माला आली. आपल्या यमाच्या वाटेवर चार डोळ्यांचे दोन कुत्रे राखण करतात; ग्रीकांच्या पाताळाच्या दाराशी तीन डोक्यांचा एक असतो, त्याचं हे नाव.

कर्बेरॉस तुम्हाला थोड्या वेळापुरतं एक तिकीट देतं. कुणी जुनं तिकीट चोरून वापरू नये म्हणून त्यावर वेळ घातलेली असते, आणि तुमच्या कॉम्प्युटरचं घड्याळ सर्व्हरच्या घड्याळापेक्षा साधारण पाच मिनिटांहून जास्त पुढेमागे असेल तर ते दार उघडत नाही. एमआयटीच्या स्वतःच्या कॉम्प्युटरांची घड्याळं एमआयटीच लावत होतं, तोवर ठीक होतं. पुढे २००० साली विंडोजनेही ओळख पटवायला कर्बेरॉस घेतलं, आणि ही अट लोकांच्या खाजगी लॅपटॉपपर्यंत येऊन पोचली. आता मुंबईहून बॉस्टनला उतरलेल्या विद्यार्थ्याचा विचार करा. त्याने लॅपटॉपचे काटे साडेनऊ तास मागे केले, पण टाइम झोन भारताचाच ठेवला. पडद्यावरचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी अगदी जुळतं. पण कर्बेरॉस आतली जागतिक वेळ पाहतं, आणि ती साडेनऊ तासांनी चुकलेली आहे. पासवर्ड बरोबर, घड्याळ बरोबर, तरी प्रवेश नाही. असं काही झालं तर आजही आधी टाइम झोन पाहा, पासवर्ड नंतर बदला.

या सगळ्यात विद्यापीठं आपलंच सॉफ्टवेअर वाटत होती. पुढे चित्र बदललं. आकडेशास्त्राचं एसपीएसएस १९६८ मध्ये स्टॅनफर्डला लिहिलं गेलं. मॅटलॅब न्यू मेक्सिको विद्यापीठात क्लीव्ह मोलर यांनी लिहिलं, ते विद्यार्थ्यांना फोरट्रान न शिकता मॅट्रिक्सची गणितं करता यावीत म्हणून. दोन्ही पुढे कंपन्यांची झाली. मॅटलॅबची कंपनी १९८४ ची. विद्यापीठाच्या अंगणातून गेलेलं सॉफ्टवेअर परवान्याच्या रूपात, पैसे मोजून, विद्यापीठात परत आलं. परवाना आला की विद्यापीठाला एक नवं काम आलं: सॉफ्टवेअर वापरणारा माणूस आज आपला आहे का, हे तपासणं. इन्स्टॉल करताना आज ज्या गोष्टी अडतात त्यातल्या बऱ्याच इथून आल्या. परवाना-सर्व्हर कॅम्पसच्या नेटवर्कमध्येच उत्तर देतो, म्हणून घरून आधी व्हीपीएन जोडा. व्हीपीएन जोडायला खातं लागतं. खातं चालू आहे का, हे प्रवेश-कार्यालयाची यादी ठरवते. सॉफ्टवेअर उघडत नाही याचं कारण सॉफ्टवेअरमध्ये नसून फी भरल्याची नोंद व्हायला दोन दिवस लागले यात असू शकतं.

तरीही कोंबडी-अंड्याचा सगळ्यात मोठा खेळ २००३ च्या ऑगस्टमध्ये झाला. त्या वर्षी १६ जुलैला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक भोक बुजवणारी दुरुस्ती काढली होती. ११ ऑगस्टला ते भोक वापरणारा ब्लास्टर हा किडा सुटला. त्याला कुणी फाइल उघडायची गरज नव्हती. कॉम्प्युटर नेटवर्कला जोडलेला असला की पुरे. पडद्यावर साठ सेकंदांची उलटी गणती दिसायची आणि कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. आठवड्याभरात त्याच भोकातून शिरणारा दुसरा किडा आला. अमेरिकेतल्या वसतिगृहांत विद्यार्थी आपापले कॉम्प्युटर घेऊन उतरतात तो नेमका हाच काळ.

दुरुस्ती कुठे होती? इंटरनेटवर. ती उतरवायला नेटवर्कला जोडायला हवं. जोडलं की दुरुस्ती उतरण्याआधी किडा यायचा. मग अनेक विद्यापीठांनी दुरुस्ती सीडीवर भरली आणि वसतिगृहाच्या दारात खोलीच्या किल्लीबरोबर सीडी हातात ठेवली. खोल्याखोल्यांतून फिरून इन्स्टॉल करून देण्याचं बरंचसं काम तासावर राबणाऱ्या विद्यार्थ्यांनीच केलं. कर्मिटच्या वेळी कागद होता, इथे सीडी. युक्ती तीच: पहिली पायरी नेटवर्कच्या बाहेर ठेवायची.

पण दोन्हींत एक फरक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. १९८१ मध्ये विद्यार्थ्याचा कॉम्प्युटर म्हणजे विद्यापीठाच्या महाग डिस्कवरचा भार हलका करणारा पाहुणा होता. २००३ नंतर तो संशयित झाला. विद्यापीठाचं अँटिव्हायरस घातल्याशिवाय, दुरुस्त्या झाल्याची खात्री पटल्याशिवाय नेटवर्क नाही, असे नियम अनेक ठिकाणी आले. नियम चुकीचे होते असं म्हणवत नाही. किडे खरेच होते. पण 'तुमचं यंत्र कसं का असेना, आम्ही जमवून घेऊ' या जागी 'तुमचं यंत्र आमच्यासारखं करा, मग या' असं वाक्य आलं.

जमवून घेण्याचा हा प्रश्न मराठीत काम करणाऱ्यांना आणखी एका बाजूने भिडतो. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने इस्की ही भारतीय लिप्यांची संकेतप्रणाली प्रमाणित केली. तिच्यात खालच्या १२८ जागा नेहमीच्या रोमन अक्षरांना आणि वरच्या आपल्या लिप्यांना. वरच्या जागांसाठी आठवा बिट लागतो. अशी फाइल सात बिटांच्या तारेवरून तशीच पाठवली तर आठवा बिट गळून 'म' चा रोमन 'एल' होतो आणि 'क' चा आकडा ३. कर्मिटची ती '&' ची खूण अशाच अक्षरांना वाचवण्यासाठी होती. ती ठरवणाऱ्यांसमोर देवनागरी नव्हती. पण वाईटातली वाईट तार गृहीत धरल्यामुळे, ज्यांचा विचारही मनात नव्हता त्यांचीही सोय झाली.

उलट उदाहरण अलीकडचं. ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी लिहिलेली आर ही भाषा मोफत आहे, परवाना-सर्व्हर नाही, कुणीही उतरवून घ्यावी. तरीही विंडोजवर ती बरीच वर्षं कॉम्प्युटरच्या ठरलेल्या भाषेच्या संकेतांत काम करायची. इंग्रजी विंडोजवर मराठी मुलाखतींचा तक्ता उघडला की 'म' च्या जागी कंसात यू, अधिकची खूण आणि ०९२ई असं काहीतरी दिसायचं. सहकाऱ्याच्या मॅकवर तीच फाइल व्यवस्थित. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या ४.२.० आवृत्तीत हे सुटलं, तेही विंडोज १० किंवा पुढचं असेल तरच. जुनी आवृत्ती इन्स्टॉल केलेली असेल तर मराठी मजकुराशी झटापट करण्याआधी ती बदला.

कोलंबियाने कर्मिटचा प्रकल्प २०११ मध्ये बंद केला. त्याआधी प्रोग्राम मुक्त परवान्याखाली खुला केला, आणि फ्रँक द क्रूझ नंतरही त्यावर काम करत राहिले. म्हणून तो आजही मिळतो. विद्यापीठाने हात काढून घेतल्यावरही सॉफ्टवेअर तुमच्याकडे राहू शकतं, ते असं.

बाकीच्यांचं तसं नसतं. इन्स्टॉल करताना आपण पहिल्या पायरीशी झगडतो, पण परवान्याच्या सॉफ्टवेअरला शेवटची पायरीही असते आणि तिथे कुणी सीडी घेऊन उभं नसतं. पदवी मिळाली, शिष्यवृत्ती संपली, किंवा आमच्यासारखा करार संपला, की यादीतून नाव निघतं. त्यानंतर एखाद्या सकाळी सॉफ्टवेअर उघडत नाही. व्हिसा जायच्या बेतात असलेल्या, नोकरी शोधणाऱ्या माणसाला त्याच आठवड्यात प्रबंधातला एक तक्ता पुन्हा काढून हवा असतो.

म्हणून दोन गोष्टी. विद्यापीठात तुमचं मत विचारलं जात असेल, विभागाच्या बैठकीत किंवा विद्यार्थी-समितीत, तर एवढं मागा: इन्स्टॉल करण्याच्या सूचना खात्यात न शिरता वाचता याव्यात, स्थानिक फोन नंबर नसलेल्याला ओळख पटवण्याचा दुसरा मार्ग असावा, आणि जिथे लॅपटॉप घेऊन जाता येईल अशी एक खोली असावी. यातलं काहीच महाग नाही.

दुसरी गोष्ट स्वतःसाठी. खातं बंद व्हायच्या निदान दोन महिने आधी यादी करा. एसपीएसएसची डेटा-फाइल आर किंवा पीएसपीपी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडते, पण निकालांची फाइल सहज उघडत नाही. ते निकाल पीडीएफमध्ये काढून ठेवा आणि आज्ञांची फाइल साध्या मजकुरात जपा. डेटाची एक प्रत सीएसव्हीमध्ये, यूटीएफ-८ निवडून. मुलाखतींना कोड लावायला एनव्हिवो वापरत असाल तर प्रकल्प रेफी-क्यूडीए या अदलाबदलीच्या रूपात बाहेर काढा. मग ज्या कॉम्प्युटरवर विद्यापीठाचं काहीच नाही अशा एखाद्या कॉम्प्युटरवर, मित्राच्या का होईना, त्या फाइली उघडून पाहा. देवनागरी नीट दिसते का, आकडे जुळतात का, एवढं बघा. काही बिघडलेलं निघालं तर मूळ फाइल अजून उघडता येते, तोवरच ते दुरुस्त करता येईल.